शंखांचे जीवाश्म: आकार बघून केलेले कप्पे मोडावे लागतील का?

ओहोटी

एका परिचितांनी आवराआवर करताना एक लाकडी खोका माझ्या हवाली केला. आत समुद्री शंखांचे जीवाश्म, मोजून एकतीस. चिठ्ठी एकही नाही. कुठे सापडले, कोणत्या थरातले, कुणी उचलले, हे त्यांनाही आठवत नाही. मला जिवंत शंखांची थोडीफार ओळख आहे, जीवाश्मांची शून्य.

दोन संध्याकाळी बसून मी सहा कप्पे केले. स्क्रूसारखे लांबट नऊ, भोवऱ्यासारखे सहा, वर चपटे आणि खाली निमुळते असे शंकूसारखे पाच, गोलमटोल चार, भोकवाले पाच, आणि शंख म्हणावं की गोटा असे दोन. 'भोकवाले' म्हणजे ज्यांच्या अंगावर एकेक गोल, नीटस भोक आहे ते. इतकं सुबक भोक पाचही जणांना आहे म्हणजे ती जातच तशी असणार, असा माझा तर्क.

लांबट नऊ म्हणजे टरिटेला, हे जालावर कुठेही सापडतं. बाकीच्यांना नाव कसं द्यायचं? खूण कोणती धरायची? एकूण आकार, नक्षी, तोंड, की आणखी काही?

मूक_वाचक

वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडेही असाच एक डबा पडून आहे, त्यामुळे उत्तरांची वाट बघतोय.

वेढेकर

ओहोटी, कप्पे मेहनतीने केलेत. आता मोडा.

आधी भोकवाल्यांचं बघू. ते भोक शंखाचं नाही, त्याला खाणाऱ्याचं आहे. नॅटिसिडी कुळातल्या गोगलगायी दुसऱ्याच्या कवचाला भोक पाडतात आणि आतलं मांस खातात. त्यांचं भोक बाहेरून रुंद, आत अरुंद, उतरत्या कडेचं असतं. लाकडात स्क्रूचं डोकं बुडावं म्हणून सुतार करतो तसं. म्युरिसिडी कुळातल्या गोगलगायींचं भोक सहसा सरळ भिंतीचं. या भोकांना स्वतःचं शास्त्रीय नावही आहे, ओइक्नस. १९८१ साली ब्रॉमली यांनी सरळ भोकाला ओइक्नस सिंप्लेक्स आणि उतरत्या कडेच्या भोकाला ओइक्नस पॅराबोलॉइडिस म्हटलं. म्हणजे तुमचा पाचवा कप्पा म्हणजे एकाच चोराने फोडलेली पाच घरं एकाच कुटुंबाची समजण्यासारखं झालं.

आता मुख्य मुद्दा. शंख वाढतो तो फक्त तोंडाच्या कडेने, म्हणजे ओठाकडून. मागचा भाग झाला तो झाला. म्हणून अंगावरची प्रत्येक वाढीची रेषा ही कधीकाळचा ओठच असते. जीवाश्माचं तोंड दहापैकी आठ वेळा फुटलेलं असतं आणि नवखा माणूस तिथेच हात टेकतो. पण फुटलेल्या ओठाचा आकार मागच्या वेढ्यावरच्या रेषांत जसाच्या तसा उतरलेला असतो. भिंग घ्या, दिवा बाजूने तिरका धरा, आणि आकार विसरून आधी या रेषा वाचा.

लांबट, स्क्रूसारखा आकार गोगलगायींच्या कितीतरी घराण्यांनी वेगवेगळा कमावलाय. टरिटेलाची रेषा वेढ्याच्या मधोमध मागे वळून उथळ कमान करते, आणि तोंडाच्या तळाशी पन्हळ नसते. सेरिथियमच्या तळाशी छोटी वाकडी पन्हळ असते आणि अंगावर बहुधा गाठी. टेरेब्राच्या तळाशी खाच असते, आणि त्या खाचेच्या जुन्या जागांचा पट्टा शंखाच्या मधल्या खांबाभोवती गुंडाळलेला दिसतो. मर्चिसोनियाच्या वेढ्यावर मधोमध वेगळाच पट्टा असतो, आणि तो असला तर तुम्ही फारच जुन्या काळात आहात. नेरिनिया ही आणखी एक तऱ्हा, तिचं नंतर.

नऊही शंखांच्या वाढीच्या रेषा कशा वळतात ते बघून सांगा. तोवर टरिटेला हा शब्द उच्चारू नका.

शेवाळ

टरिटेलावरून आठवलं. अमेरिकेत वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर थरातला एक अकीक दगड 'टरिटेला अगेट' म्हणून विकला जातो. आत खच्चून भरलेले स्क्रूसारखे शंख. ते टरिटेला नाहीतच. तो एलिमिया टेनेरा, गोड्या पाण्यातला. म्हणजे सगळाच्या सगळा समुद्र चुकला! तरी विक्रेते नाव बदलायला तयार नाहीत.

बारीक_चाळणी

वेढेकरांशी सहमत, पण माझ्या मते पहिली पायरी वेगळी आहे. खोक्याला चिठ्ठी नाही असं तुम्ही म्हणता. चिठ्ठी आहे, शंखांच्या तोंडात अडकलेली आहे.

प्रत्येक शंखाच्या आत घट्ट बसलेला गाळ असतो. तो कसा आहे? वाळू, चिकणमाती, पांढरी चुनखडी? टोकदार सुईने चिमूटभर मोकळा करा, पाण्यात भिजवा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळा, आणि उरलेलं वाळवून भिंगाखाली पसरा. दोन गोष्टी मिळतात. एक, फोरॅमिनिफेरा वगैरे सूक्ष्म जीव, ज्यांवरून काळ कळतो. दोन, शंखांची पिल्लं.

पिल्लं का हवीत ते सांगते. शंखाच्या अगदी टोकाशी बाळशंख असतो, शास्त्रात प्रोटोकाँच. अंड्यातला आणि डिंभ अवस्थेतला हा भाग, जेमतेम मिलिमीटरभर. पुढे सगळा शंख त्याच्यावर बांधला जातो. मोठ्या शंखाचं टोक झिजून गेलेलं असतं, पण गाळात लपलेल्या पिल्लाचं शाबूत राहतं. टोक बारीक आणि वेढे बरेच असले तर त्या जातीची पिल्लं समुद्रात बराच काळ तरंगत, खात-पीत हिंडली असं समजतात. टोक जाडसर, गुबगुबीत आणि वेढे एक-दीडच असले तर पिल्लू जवळपासच तळाला बसलं. दोन शंख मोठेपणी हुबेहूब सारखे आणि बाळशंख वेगळे, असं झालं तर मी डोळे मिटून त्यांना दोन जाती धरते.

ओहोटी

डोळे मिटून नका हो धरू ताई, माझी आधीच पंचाईत आहे!

भोकवाला कप्पा मोडला. लाजच वाटली. पाचांपैकी चार भोकांची कड उतरती आहे, एकाची सरळ.

गाळ बघितला आणि धक्काच बसला. दोन प्रकारचा निघाला. बहुतेक शंखांत पिवळसर, सुटी होणारी वाळू. पण लांबट नऊपैकी चारांत आणि त्या दोन गोट्यांपैकी एकात कडक पांढरी चुनखडी, सुईला दाद न देणारी. तिच्यात खसखशीएवढे गोल दाणे एकमेकांना चिकटून बसलेत. पिवळ्या वाळूत छोट्या नाण्यांसारख्या चकत्या मिळाल्या. एक मोडली तर आत गुंडाळलेल्या पट्टीसारख्या कप्प्यांची रांग.

बारीक_चाळणी

चकत्या म्हणजे न्यूम्युलाइट, फोरॅमिनिफेरांतलेच, पण डोळ्यांना दिसतील एवढे मोठे. वाळू बहुधा इओसीन काळातली, ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीची. न्यूम्युलाइटांची चलती तेव्हा सर्वात जास्त होती. गोल दाण्यांची चुनखडी म्हणजे ऊलाइट. उथळ, कोमट, हलत्या पाण्यात कणांवर चुन्याची पुटं चढून असे दाणे होतात. ऊलाइट ज्युरासिकमध्ये भरपूर आहे, पण इतर काळांतही आहे, त्यामुळे एवढ्यावरून काळ ठरवू नका. निदान खोका दोन ठिकाणचा आहे हे पक्कं. ते चार लांबट आजच वेगळे काढा.

साशंक

धाग्यात पाणी ओततोय, माफ करा. पण या सगळ्याला अर्थ किती? शंखाच्या आकारावरून बांधलेली कुळं डीएनएने पाडली की. टरिडी नावाचं कुळ बघा. जरा लांबट, ओठाच्या वरच्या बाजूला खाच, की टाक त्यात. शेकडो गण कोंबले होते. २०११ मध्ये रेणूंचा अभ्यास आणि दातांची रचना धरून त्याची अनेक कुळं केली. जिवंत गोगलगाईचा दात बघता येतो, डीएनए काढता येतो. जीवाश्मात दोन्ही नाही. मग तुम्ही जे करताय ते वर्गीकरण की टपाल तिकिटांचा संग्रह?

वेढेकर

साशंक, प्रश्न रास्त आहे. खिजवायला विचारलाय असंही वाटतं, पण रास्त आहे.

डीएनएने शंखाची प्रत्येक खूण पाडली नाही. जी खूण सवयीतून येते ती पाडली. लांबट आकार, जाड कवच, काटे, बशीसारखी टोपी, हे गरजेप्रमाणे वेगवेगळ्या घराण्यांत पुन्हापुन्हा येतं. खडकाला चिकटणाऱ्या बशीवाल्या गोगलगायी घ्या. बाहेरून पटेला आणि सायफोनेरिया सारख्याच. आत स्नायूचा ठसा बघा: दोन्हींत घोड्याच्या नालासारखा, पण सायफोनेरियात उजव्या बाजूला खंड पडलेला, कारण श्वासाची वाट तिथून जाते. नात्याने दोघी फार दूरच्या. म्हणजे शंख खोटं बोलला नाही, आपण चुकीच्या बाजूने बघत होतो.

दुसरं उदाहरण. हेटेरोब्रँकिया या मोठ्या गटात बाळशंख एका दिशेने वळतो आणि पुढचा शंख त्याच्या उलट. टोकाशी बघितलं की सुरुवातीचा वेढा आडवा पडलेला किंवा आत बुडालेला दिसतो. आर्किटेक्टोनिका हा चपटा, जिन्यासारख्या नाभीचा (नाभी म्हणजे तळाच्या मधोमध असलेला खळगा) शंख त्यामुळेच या गटात ओळखू येतो. ही खूण डीएनए आल्यावरही बऱ्यापैकी टिकली.

टरिडीचं म्हणाल तर तिथे शंखाचा नाही, आळसाचा दोष होता. खाच आहे एवढं बघून थांबले. ती वेढ्याच्या खांद्यावरच्या उतारावर आहे की सर्वात फुगीर जागी, यात केवढा फरक पडतो.

साशंक

ठीक, अर्धा मुद्दा मागे घेतो. पण मग जाती पातळीवर काय करता? न्युसेला लॅपिलस ही आजची गोगलगाय घ्या. लाटांच्या खडकावर तोंड रुंद, कवच पातळ. निवांत खाडीत, खेकडे असतात तिथे कवच जाड. एकच जात. जीवाश्मात सापडली असती तर तुम्ही लोकांनी तिची चार नावं ठेवली असती.

चंद्रकोर

चार कशाला, जास्तच. प्लॅटिसेरासची गोष्ट याहून वाईट आहे. पुराजीव महाकल्पातली ही गोगलगाय समुद्रलिली नावाच्या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर बसायची, बरोबर त्यांच्या गुदद्वारावर, आयतं मिळेल ते खायला. जन्मभर एका जागी. त्यामुळे तिच्या तोंडाची कड खालच्या समुद्रलिलीच्या उंचसखलपणाप्रमाणे वाढली. दोन वेगळ्या यजमानांवरच्या दोन बहिणीसुद्धा दोन जाती वाटतील. एकाच नमुन्यावर जात उभी करू नये, पाच-दहा तरी हवेत, हे इथे लागू पडतं.

पण साशंक, काही खुणा अशा असतात की वाद मिटतो. ओहोटी, तुमच्या भोवऱ्यासारख्या सहांत एखाद्याच्या वेढ्यावर फिरत गेलेला अरुंद पट्टा दिसतोय का? त्या पट्ट्यात बारीक चंद्रकोरी एकामागे एक रचलेल्या असतात. ओठाला खोल चीर असते, गोगलगाय मोठी होते तशी मागची चीर बुजत जाते, आणि बुजवताना प्रत्येक वेळी एक कोर उमटते. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. हे प्ल्युरोटोमॅरिडी. एके काळी उथळ समुद्रात मोप होते. १८५६ पर्यंत सगळे समजत होते की हे कुळ केव्हाच संपलं. त्या साली फिशर आणि बर्नार्डी यांनी कॅरिबियन समुद्रातून आलेल्या आजच्या काळातल्या नमुन्याचं वर्णन छापलं. खोल पाण्यात ती मंडळी अजून नांदतायत.

तो नमुना हातात आल्यावर कुणी डीएनए मागितला नाही. पट्टा बघितला आणि ओळखलं.

शेवाळ

+१. बेलेरोफॉन मात्र अजून लटकलेला आहे. त्यालाही चीर आणि पट्टा, पण शंख सपाट गुंडाळलेला, दोन्ही बाजू सारख्या. ती मुळात गोगलगाय होती का, यावर शास्त्रज्ञ भांडतायत. तेव्हा सगळे वाद मिटतात असंही नाही.

ओहोटी

सहांत एक निघाला! दिवा तिरका धरल्याशिवाय दिसतच नव्हता. पट्टा पेन्सिलीच्या रेघेएवढा, आणि कोरी मोजायला गेले तर वेढ्याच्या बोटभर लांबीत साठ-सत्तर. अर्धा तास नुसती बघत बसले.

एक शंका. लांबटांपैकी एकाचं तोंड डावीकडे आहे असं वाटतंय. डावखुरा मिळाला की मी उलटा धरलाय?

वेढेकर

टोक वर, तोंड तुमच्याकडे. तोंड उजवीकडे पडलं तर उजवा, डावीकडे पडलं तर डावा. शंख उलटा केला, म्हणजे टोक खाली घेतलं, तरी पीळ बदलत नाही, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला दिसतं. आपल्याकडे ज्याला 'दक्षिणावर्ती' म्हणतात तो शास्त्राच्या भाषेत डावा ठरतो, कारण दक्षिणावर्ती म्हणताना टोक खाली धरून बघायचा संकेत आहे. म्हणून इथे ते शब्द नकोत.

जुनी चित्रंही फसवतात. फ्रेंच चित्रकार टोक खाली ठेवून काढत. शिवाय तांब्याच्या पत्र्यावर सरळ कोरलं की छाप उलटी येते. रेम्ब्रांटने १६५० मध्ये कोरलेला कोन शंख असाच डावा छापला गेलाय. सही मात्र उलटी कोरून सरळ उमटवली पठ्ठ्याने!

खरे डावखुरे दुर्मिळ, पण आहेत. इंग्लंडच्या रेड क्रॅग थरांत डावखुऱ्या नेप्च्युनियांचा ढीग मिळतो, तिथे डावं असणं हाच नियम. तुमचा लांबट बहुतेक उलटा धरला गेलाय.

ओहोटी

उलटाच धरला होता. टोक तुटलंय आणि तुटकी बाजू तोंडाची वाटली.

लांबट नऊंचा हिशोब. पिवळ्या वाळूतले पाच: चारांच्या रेषा मधे मागे वळून कमान करतात, तळाला पन्हळ नाही. पाचव्याला तळाशी छोटी वाकडी पन्हळ आणि अंगभर गाठी. म्हणजे चार टरिटेला आणि एक सेरिथियम? आता हा शब्द उच्चारू का?

पांढऱ्या चुनखडीतले चार मात्र वेगळेच. वेढे फुगीर नसून मधे खोलगट, दोऱ्याच्या रिळासारखे. जिथे वेढा वेढ्याला मिळतो ती शिवण उंचावलेली. रेषा बहुतेक झिजल्यात, पण एकावर शिवणीला चिकटून एक बारीक पट्टा दिसतो. चंद्रकोरताई, हाही प्ल्युरोटोमॅरिया का?

चंद्रकोर

नाही, आणि 'ताई' पण नाही, दादा आहे. प्ल्युरोटोमॅरियाचा पट्टा वेढ्याच्या अंगावर मधे कुठेतरी असतो. शिवणीला चिकटलेला पट्टा, खोलगट वेढे, ऊलाइट... वेढेकर, तुम्हीच बोला, तुम्ही नंतर सांगतो म्हणाला होतात.

वेढेकर

टरिटेला उच्चारा, पण चिठ्ठीवर 'टरिटेलिडी' एवढंच लिहा. तिथे पुढचं वर्गीकरण आडव्या कण्या, म्हणजे वेढ्याभोवती फिरणाऱ्या उंच रेघा, कोणत्या क्रमाने उगवतात त्यावर चालतं. टोकाजवळच्या वेढ्यांवर आधी कोणती कणी आली, मधली, वरची की खालची, हे बघावं लागतं. मोठ्या वेढ्यावर सगळ्या सारख्याच ठळक होतात, मग क्रम कळत नाही. तुमची टोकं शाबूत असली तर बघा.

पांढरे चार बाहेरून ओळखायचेच नाहीत. त्यातला एखादा आधीच मोडका आहे का? असेल तरच पुढचं वाचा, चांगल्याला हात लावू नका. मोडका तुकडा आडवा करून लांबीच्या बाजूने घासायचा, मधला खांब उघडा पडेपर्यंत. काचेवर ओली कार्बोरंडम पूड, आधी जाडी, मग बारीक. नाक-तोंड झाका, पूड कोरडी उडू देऊ नका. पृष्ठभाग ओला करून फोटो टाका.

मूक_वाचक

धागा भलताच रंगलाय. पण 'मधला खांब' ऐकून वाटलं इमारतच चाललीय. स्तंभिका म्हणा की.

वेढेकर

पुस्तकात स्तंभिका, हातात खांब. वेढे त्याच्याभोवतीच चढतात, जिन्यासारखे.

शेवाळ

घासून होईपर्यंत शंकूसारख्या पाचांचं बघा. ते कोन शंख असतीलच असं नाही. स्ट्रॉम्बसचं पिल्लू थेट कोनासारखं दिसतं. त्याचा पसरट ओठ मोठेपणीच येतो. एक फुटका असेल तर आत डोकवा. कोन गोगलगाय आतल्या वेढ्यांच्या भिंती स्वतःच विरघळवून कागदासारख्या पातळ करते, बाहेरची भिंत मात्र जाड ठेवते. इतका फरक दिसला तर कोन.

आणि अंधारात अतिनील टॉर्च मारा, डोळ्यांना गॉगल लावून. साध्या उजेडात पांढराफटक दिसणारा जीवाश्म कोन अतिनील प्रकाशात ठिपके-पट्टे दाखवतो. जिथे जिवंतपणी रंग होता ती जागा चमकते, म्हणजे चित्र निगेटिव्हसारखं उलटं दिसतं. डॉमिनिकन रिपब्लिकच्या जीवाश्म कोनांवर हेंड्रिक्स यांनी २०१५ मध्ये असंच काम केलं. २८ जातींच्या रंगनक्षी मिळाल्या, त्यांतल्या १३ जाती नव्या. आकार जवळजवळ सारखा असलेल्या कोनांत नक्षीनेच निकाल लागतो.

ओहोटी

टॉर्च मारला. तीन गप्प. एकावर नारिंगी ठिपक्यांच्या रांगा, एकावर तुटक पट्टे! फुटका एकच होता, आतली भिंत नखासारखी पातळ आणि बाहेरची जाड. पण तो गप्पवाल्यांपैकी आहे.

बारीक_चाळणी

गप्पवाल्यांना कोन म्हणायला भिंत पुरेशी आहे, जात म्हणायला नाही. 'कोनिडी, जात अनिश्चित' लिहा. चिठ्ठीवर अनिश्चित लिहायला लोक का लाजतात कळत नाही. मागे एका संग्रहात मी चार वर्षं एक चुकीचं नाव खरं मानून त्यावर कप्पे लावले होते, कारण कुणीतरी ते टाकाने, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं.

त्या दोन गोट्यांचं काय झालं?

ओहोटी

एक चुनखडीतला, त्याच्यावर पिळाचे ठसे आहेत. दुसरा पिवळ्या वाळूतला, अर्ध्या लिंबासारखा, त्यावर पीळच नाही. म्हणून गोटा वाटला.

वेढेकर

पहिला आतला साचा. शंख अॅरॅगोनाइटचा असतो, ते खनिज लवकर विरघळतं. आत शिरलेला गाळ आधी दगड होतो, मग कवच निघून जातं, आणि उरतो आतल्या पोकळीचा ठसा. त्यावर बाहेरची नक्षी शोधू नका, ती कवचाबरोबर गेली. इंग्लंडच्या पोर्टलंड बेटावरच्या चुनखडीत अॅप्टिक्सिएला नावाच्या शंखाचे असे साचे खचाखच मिळतात, खाणकामगार त्यांना 'पोर्टलंड स्क्रू' म्हणायचे.

दुसरा मजेदार आहे. ज्याच्या साच्यावर पीळ नाही त्याच्या आत भिंतीच नसणार. नेरिटिडी कुळातल्या गोगलगायी आतल्या भिंती पूर्ण विरघळवतात, घर एकाच दालनाचं करतात. साचा गुळगुळीत येतो. झिजूनही पीळ जाऊ शकतो, म्हणून कवचाची एखादी कपची चिकटली आहे का बघा.

चंद्रकोर

अवांतर: खीरट व्हर्मेय नावाचे जीवाश्मतज्ज्ञ आहेत. वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दृष्टी नाही, शंख बोटांनीच वाचतात. मध्यजीव काळात खेकडे-मासे कवच फोडायला शिकले तशी शंखांची तोंडं अरुंद झाली, ओठ जाड झाले, नाभी बुजल्या, हा त्यांचा १९७७ चा मुद्दा. ओहोटी, एकदा दिवा बंद करून ओठाच्या आतून बोट फिरवा. डोळ्याला न दिसलेले दात लागतात.

ओहोटी

फिरवलं. गोलमटोल चारांपैकी एकाच्या ओठाच्या आत सात बारीक दात लागले. फोटोत एकही दिसत नव्हता.

आणि तुकडा घासून झाला. मनगट गेलं, पण दंडवत घ्या वेढेकर. ओला केला आणि चित्रच उघडलं. मधे खांब, दोन्ही बाजूंना एकावर एक खोल्या. पण खोली चौकोनी नाही. खांबातून एक जीभ आत आलीय, बाहेरच्या भिंतीतून दुसरी, आणि छतातून तिसरी. मधे उरलेली जागा इतकी वेडीवाकडी की गोगलगाय त्यात मावत कशी होती कळत नाही. प्रत्येक खोलीत तेच तीन, त्याच जागी.

वेढेकर

नेरिनियांचं घराणं. या घड्या आतून शंखभर फिरत जातात. किती आहेत, कोणत्या भिंतीवर आहेत, साध्या आहेत की त्यांना पुन्हा फाटे फुटलेत, नाभी आहे की नाही, यावर गण ठरतो. तीन साध्या घड्या, एकेका भिंतीवर एकेक, ही नेरिनियाच्या जवळची मांडणी. ज्युरासिक-क्रिटेशस. क्रिटेशसच्या शेवटापर्यंत घराणं संपलं. म्हणजे तुमच्या खोक्यातली पांढरी चुनखडी पिवळ्या वाळूपेक्षा निदान एक कोटी वर्षांनी जुनी, बहुधा कितीतरी जास्त.

बाहेरून हे चारही टरिटेलात खपले असते. चिठ्ठी अशी लिहा: 'नेरिनिया?, छेद क्र. १ वरून, उरलेले तीन बाह्यरूपावरून'. प्रश्नचिन्ह विसरू नका.

साशंक

छेदाचा फोटो बघितला. तिकिटांचा संग्रह हा शब्द मागे घेतो. सगळा नाही, या चारांपुरता.

ओहोटी, त्या भोकवाल्या पाचांचं पुढे काय केलंत? कप्पा मोडला म्हणालात, मग गेले कुठे?

ओहोटी

दोन टरिटेलांजवळ, कमान होती म्हणून. लांबट नऊंत हे धरले नव्हते. सरळ भोकवाला भोवऱ्यांत. एकाचं टोकही नाही आणि तोंडही नाही, तो अनिश्चित. पाचवा अजून टेबलावर आहे. गोल, गुळगुळीत, पीळ बुटका, तोंड अर्धचंद्रासारखं. उतरत्या कडेचं भोक त्यालाच सर्वात सुबक आहे.

बारीक_चाळणी

नाभी बघा. उघडी आहे का, आणि तिच्यात खांबाच्या बाजूने कवचाचा गुठळा आलाय का?

ओहोटी

उघडी आहे. अर्धी भरलीय, दोरासारखा जाड गुठळा आत उतरलाय.

बारीक_चाळणी

मग ती स्वतःच नॅटिका आहे. ते एकमेकांनाही खातात. भोक नाभीच्या जवळच आहे ना?

ओहोटी

मधे तांदळाचा दाणा मावणार नाही इतकं जवळ.